पनचक्की ते नाथसागर

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पाहुणे आले की त्यांना बीबी का मकबरा दाखवून झाल्यावर पनचक्कीला न्यायचे, हा आमच्या घराचा जुना रिवाज. मकबऱ्यावर फोटो निघतात. पनचक्कीवर मात्र पाहुणे पाण्याकडे बघत बसतात. उंच भिंतीच्या माथ्यावरून पाणी खालच्या हौदात कोसळत असते, हौदात मासे फिरत असतात, वडाच्या झाडाखाली गारवा असतो. थोड्या वेळाने कुणीतरी विचारतेच: "इत्ता पानी उप्पर चढा कैसा? मोटर तो दिखरी नै."

प्रश्न अगदी रास्त आहे. पाणी खाली वाहते हे लहान मुलालाही ठाऊक असते. मग हे पाणी भिंतीवर चढले कसे? बहुतेक वेळा उत्तर मिळते, "पुराने लोगों की करामत." जुन्या लोकांबद्दलचा आदर त्यात आहे, पण त्यांनी नेमके काय केले ते त्यात येत नाही. यंदाच्या सुट्टीत आम्ही ठरवले की पाण्याचा माग काढायचा. डोंगराच्या बाजूने येणारी नहर, पनचक्की, मग पैठणचे नाथसागर, असा दोन दिवसांचा फेरा झाला. बरोबर अम्मी, फुफीजान, बच्चे कंपनी आणि एक रिकामी प्लास्टिकची बाटली होती. बाटलीचे काम पुढे येईल.

पनचक्की हे हजरत बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याचे आवार. बाबा मूळचे बुखाऱ्याकडच्या मुलखातले, नक्शबंदी सिलसिल्याचे बुजुर्ग. 1715 च्या सुमारास त्यांचे इथेच निधन झाले. त्यांचे पीर हजरत बाबा शाह सईद पलंगपोश (रह.) यांची मजारही याच आवारात आहे. खानकाहमध्ये मुसाफिर, फकीर, यतीम यांची ये-जा असे आणि सर्वांना जेवण असे. एवढ्या लोकांचे पीठ हाताच्या जात्यावर दळायचे म्हणजे किती बायाबापड्यांचे किती तास जातील, याचा हिशेब जिने जाते ओढले आहे तिनेच करावा. अम्मींनी लहानपणी ओढले आहे. त्या म्हणाल्या, "दो सेर में हाथ रह जाते थे." तेव्हा पाण्याच्या जोरावर फिरणारी ही चक्की म्हणजे शोभेची वस्तू नव्हती, लंगराच्या मुदपाकखान्यातले ते एक साधन होते. चक्की उभारणाऱ्याचे नाव तुर्कताज खान सांगितले जाते, तर समोरचा लांबट हौद आणि कारंजी जमील बेग खानाची. साल 1695 सांगतात. एकंदर हे बांधकाम सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे वाढत गेले, असे म्हणणे बरे.

पाणी येते ते हर्सूलच्या बाजूने, शहराच्या उत्तरेकडून, कित्येक किलोमीटर जमिनीखालून. भाजलेल्या मातीचे नळ एकमेकांत बसवून, चुन्याने सांधून, वर दगडी बांधकाम करून ही नहर आणली आहे. तिचा उगम पनचक्कीच्या भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे, आणि चढण्याचे कोडे इथेच सुटते. बंद नळातले पाणी एका टोकाला जितके उंच असेल, तितकेच दुसऱ्या टोकाला चढू पाहते. वाटेत ते खोल दरीत उतरले तरी चालते. गवंडी लोक हेच रोज करतात. पारदर्शक नळीत पाणी भरून एका भिंतीवरची खूण दुसऱ्या भिंतीवर नेतात, नळी मध्ये जमिनीवर लोळत असली तरी दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीवर थांबते. पनचक्कीची नहर म्हणजे ती गवंड्याची नळी, फक्त काही किलोमीटर लांब. वाहताना नळाच्या घर्षणात थोडी उंची खर्च होते, म्हणून उगमाइतके उंच चढत नाही, जरा कमी चढते. तेवढी सवड ठेवूनच भिंतीची उंची धरावी लागते.

आता यात मेख आहे. पाणी दरीत उतरते तेव्हा तिथल्या नळावर त्याचा दाब पडतो. दाब म्हणजे काय? एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी टाकी पाण्याने भरली तर आत 1000 लिटर, म्हणजे 1 टन पाणी मावते. तिच्या तळावर, दर चौरस मीटरला 1 टन भार. पाणी दोन मीटर उंच असेल तर दोन टन, दहा मीटर उंच असेल तर दहा टन. तीच गोष्ट लहान मापात सांगायची तर दहा मीटर पाण्याखाली बोटाच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर 1 किलोचा भार. आपल्या डोक्यावरची सारी हवा मिळून साधारण एवढाच दाब देते. शिवाय पाण्याचा दाब फक्त खाली नसतो. तो बाजूला, वर, तिरका, सगळीकडे सारखा ढकलतो, आणि ज्या पृष्ठाला टेकतो त्याला काटकोनात ढकलतो.

मातीचा नळ दाबून फोडणे कठीण, पण आतून फुगवून फाडणे सोपे. भाजलेली माती चेपायला मजबूत, ताणायला कच्ची. त्यात चुन्याचे सांधे. डोंगरापासून शहरापर्यंत समजा 40 मीटरचा उतार आहे आणि नळ अखंड बंद आहे, तर शेवटचे तोंड अडवताच तिथे नखाएवढ्या जागेवर 4 किलोचा जोर येईल. सांधे निखळतील. मग त्या लोकांनी काय केले? नहरेच्या वाटेवर ठिकठिकाणी दगड-विटांचे मनोरे उभे केले. पाणी नळातून मनोऱ्यात चढते, वर उघड्या कुंडीत येते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जाते. वर कुंडी उघडी असल्यामुळे तिथे दाब संपतो आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पुढच्या नळावर दाब पडतो तो फक्त या कुंडीपासून खालच्या खोलीचा, डोंगरापासूनच्या सगळ्या उंचीचा नव्हे. नळात अडकलेली हवाही तिथे निघून जाते आणि गाळ बसायला जागा मिळते.

शहराच्या वस्त्यांत असे मनोरे अजून दिसतात. कुठे घराच्या भिंतीला चिकटलेला, कुठे वरून पिंपळ उगवलेला, कुठे पोस्टर चिकटवायला सोयीचा म्हणून जपलेला. बच्चे मंडळी एकाला "बंद पडी चिमनी" म्हणाली. फुफीजानलाही ती चिमणीच वाटत होती, आणि त्यांचे अर्धे आयुष्य या शहरात गेले आहे.

मनोऱ्यांची ही युक्ती एकट्या औरंगाबादची नाही. इस्तंबूलला उस्मानी काळातले असेच मनोरे आहेत आणि तुर्की भाषेत त्यांना 'सू तेराझी' म्हणतात, म्हणजे पाण्याचा तराजू. 'तेराझी' आणि आपला 'तराजू' ही एकाच फारसी शब्दाची लेकरे. नाव चपखल आहे, कारण नळाची दोन टोके ही खरोखर तराजूची दोन पारडीच. या विद्येवर आपल्या बुजुर्गांनी लिहूनही ठेवले आहे. अल-बिरूनी यांनी झऱ्याचे पाणी वर का उसळते याचा खुलासा पाण्याच्या पातळीवरून केला. अल-करजी यांनी अकराव्या शतकात जमिनीखालचे पाणी शोधणे आणि भुयारी नहर खोदणे यावर स्वतंत्र किताब लिहिली. अल-खाजिनी यांनी 1121 साली 'मीजान अल-हिक्मा' लिहिली, तीत पाण्यात बुडवून वजन करण्याच्या तराजूचे सविस्तर वर्णन आहे. अर्थात नहर खोदणाऱ्या कारागिराने या किताबी वाचल्या होत्या असे कुणी म्हणू नये. त्याचे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली, चिखलात झालेले असणार.

पनचक्कीच्या आधीची आणि मोठी नहर मलिक अंबरची. हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला हा माणूस गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्याने खडकी गाव आपले ठाणे केले. कोरड्या, खडकाळ जागेवर शहर वसवायचे तर आधी पाणी हवे, म्हणून डोंगरउतारावरचे पाणी भुयारी नहरेने आणले. तीच नहर-ए-अंबरी. मोगलांचा सरदार अब्दुर्रहीम खान-ए-खानान आणि मलिक अंबर हे रणांगणातले प्रतिस्पर्धी. त्याच सुमारास, 1615 साली, खान-ए-खानानच्या अमलाखालच्या बुऱ्हाणपुरात 'कुंडी भंडारा' ही भुयारी पाणीयोजना झाली. दोघे लढत होते आणि दोघेही आपापल्या शहराच्या पोटात नळ घालत होते. आमच्या मते त्यांच्या लढायांपेक्षा ही शर्यत जास्त काळ टिकली. अंबर 1626 साली गेला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

पुन्हा पनचक्कीवर येऊ, कारण तिथे एक गोष्ट बहुतेक लोक न पाहताच परततात. मोठ्या हौदाच्या खाली दालन आहे. म्हणजे हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. उन्हाळ्यात मुसाफिरांना उतरायला ही थंडगार जागा. वर पाण्याचा थर असल्यावर छत तापणार कसे? जास्तीचे पाणी बाजूने खाम नदीकडे सांडते. दालनात उभे राहून आम्ही हिशेब केला: वर एक मीटर पाणी धरले तर छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन. एका लहान सतरंजीएवढ्या जागेवर दोन टन म्हणजे एक मोटारगाडी आणि तिच्यावर आणखी थोडे. आणि हा भार दिवसरात्र, सुट्टी नाही. जाड खांब आणि कमानी का आहेत ते वेगळे सांगावे लागत नाही. छोट्याने छताकडे पाहून विचारले, "गिरेगा तो नै?" इतकी वर्षे नाही पडले म्हटल्यावरही तो दाराजवळच उभा राहिला.

बाटलीचे काम आवाराबाहेर केले, दर्ग्यात नाही. बाटलीला दाभणाने तीन भोके पाडली, तळाजवळ, मध्ये आणि वर, आणि ती सपाट फरशीवर ठेवून पाणी ओतत राहिलो. शाळेच्या पुस्तकांत चित्र असते की सर्वांत खालची धार सर्वांत लांब जाते. आमची मधलीच धार लांब पडली! खालची आणि वरची जवळपास एकाच जागी. पुस्तक खोटे नाही. खालच्या भोकातून पाणी सर्वांत जोरात निघतेच, पण ते जमिनीच्या इतके जवळ असते की लांब जायला वेळच मिळत नाही. बाटली उंच कठड्यावर ठेवली तेव्हा खालच्या धारेने सर्वांना मागे टाकले. घरी नक्की करून पाहा. फरशी पुसण्याची तयारी ठेवा.

या हिशेबाचा आपल्या घरांशी संबंध आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वरच्या मजल्यावर शॉवरला धार येत नाही म्हणून लोक गच्चीवर मोठी टाकी बसवतात. 500 लिटरची काढून 2000 लिटरची. दुकानदार हसत विकतो. धार तेवढीच राहते. दाब पाणी किती आहे यावर नसतो, पाणी किती उंचावर आहे यावर असतो. शॉवरपासून टाकीतल्या पाण्याची पातळी दोन मीटर वर असेल तर नखाएवढ्या जागेवर 200 ग्रॅमचा जोर मिळेल, टाकी लहान असो की मोठी. टाकी आणखी दोन मीटर उंच चौथऱ्यावर ठेवली तर जोर दुप्पट. खर्च करायचाच तर चौथऱ्यावर करा, आणि चौथरा बांधताना लक्षात ठेवा की 1000 लिटर म्हणजे 1 टन. गच्चीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा खालच्या तुळई-खांबांच्या डोक्यावर ठेवलेली बरी.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या वस्त्यांत पाणी आले की घरोघर नळाला थेट मोटार लागते. पहिल्याने लावली की दुसऱ्याचा नळ कोरडा, मग दुसराही लावतो. सगळे मिळून ओढू लागले की नळातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. गल्लीत नळ कुठे चिरलेला असतो आणि शेजारून गटार जाते. मोटार गटाराचे पाणी ओढते असे आपण म्हणतो, खरे तर बाहेरची हवाच ते आत ढकलते. दहा मीटर पाण्याइतका तिचा जोर आहे, हे वर आलेच. म्हणून पाणी येताच पहिल्या बादलीला वास येतो आणि आठवड्यात गल्लीतली मुले जुलाबाने आजारी पडतात. शेजाऱ्याच्या हक्काची गोष्ट आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. इथे शेजाऱ्याचा हक्क आणि आपल्याच लेकराचे पोट एकाच नळावर आहे. नळाचे पाणी आधी जमिनीतल्या हौदात आपसूक पडू द्यावे आणि मोटार त्या हौदाला लावावी, इतके केले तरी पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी पैठण. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. गोदावरीवर जायकवाडी धरण आहे, त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मातीचा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब, त्याच्या मध्ये दगडी सांडवा आणि सांडव्यावर 27 दरवाजे. पाठीमागे पाणी असे की पलीकडचा काठ दिसत नाही. जलाशयाची लांबी सुमारे 55 किलोमीटर. फुफीजान म्हणाल्या, "इत्ते पानी को ये दरवाजे रोके सो?" त्यांचा अंदाज असा की 55 किलोमीटरचे सगळे पाणी दरवाजावर रेटा देत असेल.

तसे नसते, आणि आम्हाला तरी या विषयातली हीच गोष्ट सर्वांत अचंब्याची वाटते. दरवाजावरचा जोर मागे पाणी किती लांबपर्यंत पसरले आहे यावर मुळीच ठरत नाही. फक्त दरवाजाशी खोली किती, यावर ठरतो. मागे 55 किलोमीटर पाणी असो की एक हात रुंदीची फट भरून पाणी असो, खोली तीच तर जोर तोच. हॉलंडच्या सायमन स्टेविनने 1586 साली हे लिहिले तेव्हा लोकांना ते पटायला जड गेले असेल. आजही जातेच. (वाऱ्याने उठणाऱ्या लाटांचा मार वेगळा, तो मोठ्या जलाशयात जास्त असतो.)

मग जोर किती? दरवाजा साडेबारा मीटर रुंद आणि आठ मीटरला जरा कमी, 7.9 मीटर, उंच. पाणी वरच्या कडेपर्यंत आले असे धरा. वरच्या कडेला दाब शून्य, तळाला दर चौरस मीटरला 7.9 टन. सरासरी त्याच्या निम्मी, म्हणजे साधारण 4 टन. क्षेत्र जवळपास 99 चौरस मीटर. गुणाकार केला की 390 टन. एका दरवाजावर! पाणी निम्म्यापर्यंत असेल तर मात्र हा जोर निम्मा नसतो, चौथाई असतो. कारण खोली निम्मी झाली की सरासरी दाबही निम्मा होतो आणि भिजलेला भागही निम्मा. उलटही खरे. पाणी दुप्पट चढले की जोर चौपट. पुराच्या दिवसांत धरणावरचे लोक इंचाइंचाचा हिशेब का ठेवतात ते यावरून कळावे. हा सगळा जोर जणू एका बिंदूवर एकवटला असे मानले तर तो बिंदू मध्यावर नसतो, तळापासून एक तृतीयांश उंचीवर असतो. म्हणून भिंती, बांध सगळे खाली रुंद.

390 टनांनी दाबलेले दार उचलायचे कसे? सरळ सपाट दार असते तर खाचेत इतके घट्ट बसले असते की घासूनच हलले नसते. जायकवाडीचे दरवाजे पाहिलेत तर ते वक्र आहेत, वर्तुळाच्या तुकड्यासारखे, आणि त्यांना मागून लोखंडी हात आहेत, जे एका खिळीवर फिरतात. ती खिळ बरोबर त्या वर्तुळाच्या केंद्रात बसवलेली असते. पाणी पृष्ठाला काटकोनात ढकलते हे मघाशी म्हटले. वर्तुळाच्या प्रत्येक जागेवरचा काटकोन केंद्राकडेच जातो. म्हणजे पाण्याचा सगळा रेटा खिळीत जातो, दगडी खांबात जिरतो आणि दाराला वर वा खाली फिरवायला त्यातले काही उरत नाही. यंत्राला उचलायचे राहते ते दाराचे स्वतःचे वजन आणि थोडे घर्षण. पाण्याशी कुस्ती न खेळता त्याच्या जोराला बगल दिली आहे. आम्ही हे समजावून सांगत असताना मोठी भाची एकदम म्हणाली, "मामू, म्हणजे पाण्याला कळतच नाही की दार उघडतंय." इतके चांगले आम्हाला सांगता आले नव्हते.

ऑगस्ट 2006 मध्ये याच दरवाजांतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि पैठण शहरात पूर शिरला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. अडीच लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सत्तर लाख लिटर. पुरात घराबाहेर कमरेइतके, एक मीटर पाणी असेल आणि आत कोरडे, तर एक मीटर रुंदीच्या दारावर 500 किलोचा जोर असतो. आतून बाहेर उघडणारे दार माणसाच्या जोराने उघडत नाही, आणि आत उघडणारे कडी काढताच अंगावर येते. मोटारीचेही तसेच. पुलावर, भुयारी रस्त्यात पाणी दाराच्या वर चढू लागले की दाराशी झटापट करू नये, वेळीच काच खाली करून बाहेर निघावे. काच विजेवर चालणारी असेल तर पाणी आत येण्याआधीच. पावसाळ्यात बायकामुलांना घेऊन गाडीने फिरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आणि सर्वांत बरे म्हणजे वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये, घाई कितीही असो.

नाथसागर हेच आता शहराचे पाणी. मलिक अंबरने पाणी डोंगरावरून खाली आणले, आपण ते खालून वर नेतो. पूर्ण भरलेल्या नाथसागराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर, शहर सरासरी 568 मीटरवर. शंभर मीटरची चढण. 1000 लिटरची एक टाकी एवढी चढवायला नुसत्या हिशेबाने पाव युनिटहून जरा अधिक वीज लागते. पंपातले आणि नळातले नुकसान धरले की आणखी. घरात आलेली प्रत्येक बादली आधी कुतुबमिनारपेक्षा उंच चढून आलेली असते. नहरेच्या पाण्याला एक पैशाची वीज लागत नव्हती, पण त्या पाण्यात आजचे शहर भागणार नाही हेही तितकेच खरे. जुन्याचे कौतुक करताना लोकसंख्या विसरून चालत नाही.

परतताना पैठण रस्त्याच्या कडेने नव्या पाणीयोजनेचे नळ दिसले. अडीच मीटर व्यासाचे, पोलादी. उंच माणूस आत ताठ उभा राहू शकतो. एका जागी नळ वळत होता आणि वळणाभोवती काँक्रीटचा मोठा ठोकळा. अम्मी म्हणाल्या, "यहां कोई इमारत तो है नै, इत्ता सिमिट काय को?" आम्ही गाडी बाजूला घेतली आणि धुळीवर बोटाने हिशेब मांडला. शंभर मीटर उंचीचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला 100 टन. नळाचे तोंड पावणेपाच चौरस मीटरहून थोडे मोठे, म्हणजे 490 टन. सरळ नळात दोन्ही बाजूंचा जोर एकमेकांना तोलून धरतो. पण नळ वळला की तोल जातो. काटकोनाच्या निम्म्या वळणावर सुमारे 375 टनांचा जोर नळाला बाहेरच्या बाजूला ढकलतो. पाणी वाहत असो की थांबलेले असो, ढकलणे चालूच. तो जोर जमिनीत जिरवायला तो ठोकळा. म्हणजे जायकवाडीचा जवळजवळ एक अख्खा दरवाजा इथे रस्त्याच्या कडेला, मातीखाली, रेटत बसणार.

ठोकळ्याच्या आडोशाला मजुरांची एक चूल होती आणि वर गमच्या वाळत होता.